एकट्या गळ्याचं लूप-संगीत: पहिल्या थरापासून प्रकाशनापर्यंत

लूप म्हणजे रेकॉर्ड करून सतत फिरत ठेवलेला आवाजाचा तुकडा, त्यावर त्याच गळ्याचे आणखी थर चढवत जायचे. बारा सेकंदांचा लूप पाच मिनिटं चालला की तो २५ वेळा ऐकू येतो. त्यातला किंचित उतरलेला गंधार, माइकवर आपटलेला 'प', घाईत ओढलेला श्वास, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी, सगळं २५ वेळा. मैफलीत एखादी जागा हुकली तर पुढची चांगली घेऊन वेळ मारून नेता येते. इथे ती सोय नाही. त्यामुळे लूपवर काम करणाऱ्या गायकाला गाण्याइतकंच डोकं 'काय रेकॉर्ड करायचं नाही' यावर चालवावं लागतं.

तानपुऱ्याला धरून बऱ्यापैकी सुरात गाता येतं, पण मशीनला अजून हात लावलेला नाही, अशा गायक-गायिकांसाठी हे लिहिलं आहे.

सामान

वाटा तीन. पायाने दाबायचं पेडल, टेबलावरचं लूप स्टेशन, किंवा कॉम्प्युटर.

पेडल सगळ्यात स्वस्त दिसतं आणि नवे लोक तिथेच फसतात. बॉस कंपनीचं आरसी-१ किंवा आरसी-५ ही मुळात गिटारसाठी केलेली यंत्रं. त्यांना गिटारची जाड पिन लागते, माइकची तीन टोकांची एक्सएलआर केबल बसत नाही. बाजारात एक्सएलआर ते जॅक अशी केबल मिळते आणि दुकानदार ती आनंदाने देतो, पण माइकचा सिग्नल गिटारच्या मानाने फारच बारीक असतो. आवाज कुजबुजल्यासारखा येतो, आणि पुढे व्हॉल्यूम चढवला की 'सूं' आवाजही तेवढाच चढतो. मध्ये छोटा मिक्सर किंवा माइक प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र) हवाच. त्याचे पैसे धरले की स्वस्ताई संपते. दुसरी अडचण मोठी आहे. एका बटणाच्या पेडलमध्ये सगळे थर एकाच ढिगात जातात. पाचवा थर घातल्यावर पहिला तेवढा काढता येत नाही, फक्त शेवटचा मागे घेता येतो. थांबवण्यासाठी बटण दोनदा पटकन दाबायचं असतं आणि लूप थांबतो तो दुसऱ्या दाबाला. म्हणजे समेवर थांबायचं तर दुसरा दाब समेवर पडला पाहिजे. याची पायाला वेगळी सवय लावावी लागते.

टेबलावरचं बॉस आरसी-५०५ मार्क टू हे पाच वेगळ्या ट्रॅकचं यंत्र. प्रत्येक ट्रॅकला स्वतःचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती पट्टी), माइक थेट लागतो, कंडेन्सर माइकला लागणारी वीज, म्हणजे फँटम पॉवरही आहे. मंचावर गाणाऱ्यांसाठी उत्तम, पण खिशाला जड. २०१३ साली आलेलं जुनं आरसी-५०५ सेकंडहँड मिळालं तरी शिकायला पुरे. घेण्याआधी पाचही फेडर सरकवून खरखर येते का ते बघा.

घरात लॅपटॉप असेल तर आमचा सल्ला साधा आहे: पेडल नंतर. एक माइक-इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) घ्या, आणि लॅपटॉपवर एबलटन लाइव्हमधलं लूपर किंवा सूपरलूपर चालवा. सूपरलूपर फुकट आणि मुक्त-स्रोत आहे. आयपॅडवाल्यांसाठी लूपी प्रो आहे. थर वेगळे राहतात, चुकलेला पुसता येतो, आणि पुढे प्रकाशनासाठी मिक्स करताना याच गोष्टीचा उपयोग होतो.

माइक म्हणून शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइकमध्ये आवाज जास्त खुलतो हे खरं, पण फ्लॅटमध्ये शेजारच्यांचा मिक्सर आणि खालचा रिक्षाचा हॉर्नही तितकाच खुलतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारे आणि वायरचे हवेत. ब्लूटूथ अजिबात नको. त्यात आवाज सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि ९० च्या लयीत एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची असते. पाव मात्रा मागे राहून कोण गाणार?

जोडणी आणि गेन

सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सँपल. हा एका दिशेचा उशीर २.७ मिलिसेकंदांचा, आत येणं, बाहेर जाणं आणि इंटरफेसचा स्वतःचा वेळ धरून एकूण दहाच्या आसपास जातो. स्वतःचा आवाज ऐकायला इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद. दोन्ही चालू राहिली तर आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ ऐकू येतो. पुष्कळ जण याच कारणासाठी माइक बदलून बसतात.

एवढा उशीर कानाला कळत नाही, पण लूपमध्ये साचतो. प्रत्येक नवा थर आधीच्या थरावर ऐकून गायलेला असतो, त्यामुळे सहाव्या थरापर्यंत टाळी फाटते. उपाय एकदाच करायचा आहे. क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) चालू करा, हेडफोनचा एक कप माइकला चिकटवा, तोच क्लिक रेकॉर्ड करा. मोठा करून बघा: मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेला क्लिक यांत जितके मिलिसेकंद अंतर असेल तितकं सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये भरपाई म्हणून घाला. पुन्हा रेकॉर्ड करून अंतर शून्य आलं का तपासा. बफर बदललात तर हे सगळं परत.

गेन, म्हणजे माइकचा सिग्नल किती चढवायचा ते, लावताना आपल्याला गाता येईल तितक्या जोरात गा आणि मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. नव्या माणसाला हे फार हळू वाटतं. पण सारख्या ताकदीचे दोन वेगळे थर एकत्र आले की पातळी ३ डेसिबलने चढते, चार थरांना ६, आठ थरांना ९. म्हणजे उणे १२ वर सुरू केलेलं आठव्या थराला उणे ३ वर पोचलं. सगळे थर एकाच स्वरावर, एकाच अक्षरावर असतील तर याहून जास्त. पहिलाच थर उणे ३ वर घेतला तर तिसऱ्या थराला फाटणार, आणि लूपमध्ये फाटलेलं दुरुस्त होत नाही.

गुणगुण ऐकू येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गेली, तर ती वीजजोडणीची ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची गुणगुण आहे. बॅटरीवर रेकॉर्ड करा, किंवा सगळी उपकरणं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्या. प्लगची अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवणारे महाभाग असतात. तसलं काही करू नका. हातात धातूचा माइक आहे.

खोली

पंखा बंद, फ्रिजपासून लांब, खिडक्या बंद. गोधडी किंवा गादी कुठे टांगायची यात सगळे चुकतात. एसएम५८ सारखा माइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून जवळपास बहिरा असतो. त्याच्या समोर काय आहे? तुमचं तोंड, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. तेव्हा गोधडी गायकाच्या पाठीमागे टांगा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याकडे पाठ करून उभं राहिलात तरी चालेल. गणपतीच्या दहा दिवसांत रेकॉर्डिंगचा बेत ठेवू नका, एवढं सांगायची गरज नसावी.

सूर आणि लांबी

सा नेहमीचाच धरा. बायकांना बहुधा काळी चारच्या आसपास, पुरुषांना काळी एकच्या आसपास सोयीचं पडतं. एका कानात तानपुरा सतत चालू ठेवा, पण रेकॉर्डमध्ये जाऊ देऊ नका. ही शिस्त नसेल तर दुसरा थर पहिल्याला धरून गायला जातो, तिसरा दुसऱ्याला, आणि दहाव्या थरापर्यंत सा हळूच पाव स्वर उतरलेला असतो. एकेक थर ऐकला तर कुठेच चूक सापडत नाही.

स्वर-दुरुस्तीची सॉफ्टवेअर आवाज पेटीच्या, म्हणजे समान अंतराच्या स्वरांवर ओढतात. तानपुऱ्यातून ऐकू येणारा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट) खाली असतो. काळी चारच्या षड्जावर पेटीचा गंधार लांबवून धरला तर षड्जाच्या उपस्वरांशी सेकंदाला आठेक वेळा थरथर होते. अर्ध्या सेकंदाच्या तानेत ती कळतही नाही. दहा मिनिटं चालणाऱ्या लूपमध्ये तीच मुख्य गोष्ट होऊन बसते. थरथर हवी असेल तर जरूर ठेवा, प्रयोगशील संगीतात ते चालतं. नको असेल तर दुरुस्ती बंद ठेवून कानाने लावा.

लूपची लांबी सेकंदात काढायची रीत: ६० ला लयीने भागा, मात्रांनी गुणा. तीनताल ८० च्या लयीत म्हणजे ०.७५ गुणिले १६, बारा सेकंद. झपताल ७५ च्या लयीत आठ सेकंद. रूपक ८४ च्या लयीत बरोबर पाच सेकंद. चार सेकंदांहून लहान लूप सुरुवातीला घेऊ नका, मिनिटभरात डोकं उठतं.

रागाचं म्हणाल तर पहिल्यांदा भूपासारखा राग घ्या. त्याच्या पाच स्वरांत कुठेच अर्ध्या स्वराचं अंतर नाही, त्यामुळे कोणताही थर कोणत्याही थरावर पडला तरी भांडण होत नाही. एरवी स्वर एकामागून एक येतात. लूपमध्ये ते एकमेकांवर चढून बसतात. मारव्याचा कोमल रिषभ आणि षड्ज सहा थरांत एकत्र वाजायला लागले की जे होतं ते भयंकर सुंदर असू शकतं, पण पहिल्या आठवड्यात नको.

पहिला लूप

झपताल, ७५ ची लय, आठ सेकंद. क्लिक फक्त हेडफोनमध्ये.

१. पायाचा थर. माइकपासून वीतभर लांब, 'ऊ' वर षड्ज. श्वास बटण दाबण्याआधी घेऊन टाका. समेवर बटण दाबा आणि आवाज त्यानंतर शून्यातून वाढवत आणा, साधारण दोन मात्रांत पूर्ण. पुढची सम आली की पुन्हा बटण, पण गाणं तोडू नका. लूप बंद होऊन ओव्हरडब (चालू लूपवर नवा थर चढवणं) सुरू झालेला आहे. अजून दोन मात्रा स्वर धरून तो हळूहळू विझवा. पहिल्या दोन मात्रांत चढता आवाज आणि त्यावर पडलेला हा उतरता आवाज मिळून सांधा दिसेनासा होतो. यासाठी यंत्राचा क्रम 'रेकॉर्ड, मग ओव्हरडब, मग प्ले' असा लावलेला हवा. बॉसच्या यंत्रांत सेटिंगमध्ये तो बदलता येतो. 'रेकॉर्ड, मग प्ले' असा असेल तर शेपटी कापली जाते आणि प्रत्येक आवर्तनाला 'टक्' असं ऐकू येतं.

२. मंद्र पंचम, 'ओ' वर, त्याच रीतीने. पण समेवर सुरू करू नका, चौथ्या मात्रेवर करा. सगळे थर समेवर सुरू आणि समेवर बंद झाले की लूपचा शिवणटाका कानाला दिसतो. सांधे वेगवेगळ्या मात्रांवर टाका.

३. लयीचा थर. तोंड माइकच्या रेषेपासून जरा तिरकं, दोन बोटं बाजूला. 'त', 'क', 'ट' ही अक्षरं न गाता, नुसत्या जिभेने. दहा मात्रांत चारपाच आघात पुरेत. 'प' आणि 'ब' टाळा, किंवा त्यांचाच ढोलासारखा उपयोग करायचा असेल तर तोंड माइकला जवळजवळ टेकवून मुद्दाम करा. या माइकवर जवळून खर्ज फुगतो, त्याचा फायदा होतो.

४. गंधार आणि धैवत, दोन वेगळे थर, हातभर अंतरावरून, अगदी हळू. अंतर बदललं की थर मागेपुढे बसतात, रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) न लावताही.

५. आता थांबा. तीन मिनिटं नुसतं ऐका. खटकलेला थर पुसा, दुरुस्त करत बसू नका.

६. मग वर मोकळं गा, लूपमध्ये न टाकता.

'स' आणि 'श' असलेले शब्द एकाच थरात ठेवा. तीन थरांत तोच 'स' थोडा मागेपुढे पडला की सापाने फूत्कार टाकल्यासारखं होतं. बाकीच्या थरांत व्यंजन गाळून नुसते स्वर म्हणा. ऐकणाऱ्याला शब्द पूर्णच वाटतो.

रिव्हर्ब लूपरच्या आधी लावला तर तो प्रत्येक थरात कायमचा छापला जातो, आणि सहा थरांनंतर सगळं धुक्यात जातं. लूपरच्या नंतर लावा. एखादाच थर मुद्दाम दूर ठेवायचा असेल तेव्हा आधी.

विरणारे, न जुळणारे, उलटे लूप

ही भानगड कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. १९६० च्या दशकात टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच टेप दोघांतून फिरवली: पहिला रेकॉर्ड करी, काही सेकंदांनी दुसरा ते वाजवी, आणि ते पुन्हा पहिल्यात जाई. हाच रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शागीर्द झाला आणि पुढे त्यांच्यामागे तानपुरा धरून बसला. लूप आणि तानपुरा यांचं नातं आपण जोडायला नको, ते जुळलेलंच आहे.

त्या टेपवर जुना आवाज प्रत्येक फेरीत थोडा क्षीण होत जायचा. आजच्या लूपरमध्ये याला फीडबॅकचं बटण असतं. १०० टक्के म्हणजे थर कायम राहतो. ९० टक्क्यांना प्रत्येक फेरीत सुमारे ०.९ डेसिबल उतरतो, दहा फेऱ्यांत ९ डेसिबल, म्हणजे अजून ऐकू येतो पण मागे गेलेला. ८० टक्क्यांना दहा फेऱ्यांत १९ डेसिबल, म्हणजे गेलाच. नव्यांनी ९० पासून सुरुवात करावी. सतत गात राहिलात तरी ढीग होत नाही, आणि चूक आपोआप विरते. पेडलवर हे बटण बहुधा नसतं. लॅपटॉपची बाजू घेण्याचं हे आणखी एक कारण.

लांबी मुद्दाम न जुळणारी ठेवा. ताल-जुळणी बंद करून एक लूप ७ सेकंदांचा, दुसरा ११ चा, तिसरा १३ चा घ्या. तिघांची सुरुवात पुन्हा एकत्र यायला १००१ सेकंद, म्हणजे १६ मिनिटं ४१ सेकंद लागतात. तोवर प्रत्येक क्षणी मिलाफ वेगळा. अट एकच: प्रत्येक लूपमध्ये निम्म्याहून जास्त शांतता हवी. तीन भरगच्च लूप घेतले तर नुसता लगदा होतो आणि लांबीचा हिशेब कुणाला ऐकूच येत नाही.

अर्ध्या वेगाने वाजवलेला लूप एक सप्तक खाली जातो आणि दुप्पट लांब होतो. काळी चारचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा, तो १०४ वर येतो. बाईच्या आवाजातून खर्जाचा थर मिळवायची सोपी युक्ती. पुरुषाचा काळी एक मात्र ६९ हर्ट्झवर जातो आणि मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ गायब होतो, तेव्हा तो थर एकट्याने महत्त्वाचा ठेवू नका. उलट्या लूपमध्ये आघात शेवटी येतो. 'त' ने सुरू केलेला स्वर उलटा वाजला की फुगत येऊन तुटतो. मींड घेऊन उतरलेला स्वर चढतो, म्हणून राग सांभाळायचा असेल तर आधी डोक्यात उलटा म्हणून बघा.

बेरीज सगळ्यांना येते

लूपवरच्या बहुतेक पहिल्या रचना सारख्याच असतात: एक थर, दोन, तीन, आठ, मग एकदम बंद. ऐकणाऱ्याला तिसऱ्या थरालाच पुढचं कळतं. सहा मिनिटांची रचना बांधताना दोन मिनिटांत वर पोचा आणि उरलेल्या चारांत काढायला शिका. सगळ्यात आधी पायाचा षड्ज काढा. बाकीचे थर अधांतरी राहतात आणि तेच स्वर वेगळे वाटायला लागतात. आता पंचम हाच सा आहे की काय असा भास होतो. काही आवर्तनांनी षड्ज परत आणा, पण वेगळ्या स्वरवर्णावर, म्हणजे 'ऊ' ऐवजी 'आ' वर. एका बटणाच्या पेडलवाल्यांना हे जमत नाही. त्यांनी शेवटचा थर मागे घेण्याच्या सोयीचा वापर करावा, म्हणजे ज्या थराला ये-जा करायची तोच शेवटी घालावा.

मंचावर असाल तर मॉनिटर स्पीकर हा शत्रू. त्यातून येणारा लूप माइकमध्ये शिरतो आणि प्रत्येक ओव्हरडबबरोबर पुन्हा छापला जातो. एसएम५८ ला मॉनिटर बरोबर पाठीमागे ठेवावा. बीटा ५८ सारख्या सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद ऐकणाऱ्या) माइकची बहिरी जागा मात्र थोडी बाजूला, समोरून मोजलं तर सव्वाशे अंशांच्या आसपास असते. तिथे दोन मॉनिटर तिरके लावतात. शक्य असेल तर कानातला मॉनिटर वापरा आणि प्रश्न मिटवा.

प्रकाशनासाठी रेकॉर्डिंग

फक्त अंतिम स्टिरिओ आवाज रेकॉर्ड करून ठेवू नका. प्रत्येक थर वेगळी वेव्ह फाइल, वरचं मोकळं गाणं वेगळं. आरसी-५०५ मधले ट्रॅकही यूएसबीने कॉम्प्युटरवर काढता येतात. लूपचे तुकडे एमपी३ करून साठवू नका. त्या फाइलच्या सुरुवातीला किंचित शांतता जोडली जाते आणि लूप प्रत्येक फेरीत अडखळतो.

मिक्समध्ये सगळ्यात आधी खालचा गाळ. मुख्य आवाजाला पुरुषासाठी ८०, बाईसाठी १२० हर्ट्झच्या खाली हाय-पास (खालचा भाग कापणारा फिल्टर). खर्जाचा थर सोडून मागच्या थरांना २०० पर्यंत निर्धास्त कापा. एकाच गळ्याचे आठ थर म्हणजे एकच छाती आठ वेळा, त्यामुळे २०० ते ४०० हर्ट्झमध्ये गर्दी होते. सगळे थर एकत्र येतात त्या वाहिनीत ('बस') ३०० च्या आसपास ३ डेसिबल कमी करून बघा. खर्जाचा थर मधोमध, बाकीचे डावी-उजवीकडे असमान. कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारं साधन) फार दाबू नका, श्वास वर येतात आणि लूपमध्ये श्वासालाही ताल येतो.

अंतिम फाइलचं टोक उणे १ डेसिबल ट्रू पीकच्या (प्रत्यक्ष वाजणाऱ्या लहरीचं टोक) वर नको. स्पॉटिफाय उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) आसपास आवाज समान करतं, ॲपल म्युझिक उणे १६ च्या. याचा अर्थ तिथपर्यंत ढकलायलाच हवं असा नाही. संथ, दीर्घ स्वरांची रचना उणे १८ ला सुखाने राहू शकते. जोरात केलेली फाइल शेवटी खालीच ओढली जाणार आहे.

प्रकाशन, हक्क, पैसे

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक वगैरेंवर थेट गाणं चढवता येत नाही, मध्ये वितरक लागतो. डिस्ट्रोकिड वार्षिक वर्गणी घेतं. वर्गणी थांबली की गाणी उतरू शकतात. सीडी बेबी प्रत्येक प्रकाशनाचे एकदाच पैसे आणि वर कमिशन घेतं. वर्षाला एखादीच रचना काढणाऱ्याला दुसरी पद्धत बरी. मुखपृष्ठ चौकोनी, ३००० गुणिले ३००० पिक्सेल, त्यावर वेबसाइटचा पत्ता किंवा सोशल मीडियाची चिन्हं नकोत, फाइल परत येते. कलाकाराचं नाव पहिल्याच वेळी एका स्पेलिंगमध्ये ठरवा. एकदा 'ऋ' चं रोमन दोन तऱ्हांनी गेलं की दोन कलाकार तयार होतात आणि एकत्र करायला पत्रव्यवहार करावा लागतो.

तारीख शुक्रवारची आणि किमान चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि वितरकाकडून फाइल पोचायला त्याआधी वेळ जातो. १२ अंकाक्षरांचा आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगचा ओळख-क्रमांक, वितरक देतो. तो लिहून ठेवा. वितरक बदललात तर तोच पुन्हा द्यायचा, नाहीतर जुने ऐकण्याचे आकडे तुटतात.

हक्कांचं काम कंटाळवाणं आहे, पण एकट्या कलाकाराचं सोपं असतं, कारण कवी, संगीतकार, गायक आणि निर्माता सगळे एकच. शब्द-संगीताच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस ही संस्था, गायक म्हणून मिळणाऱ्या हिश्श्यासाठी इसामरा ही संस्था. नोंदणी वेगवेगळी करावी लागते. ज्ञानेश्वर-तुकारामांचे शब्द मोकळे आहेत. आधुनिक कवीचे नाहीत: भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. जात्यावरच्या ओवीचे शब्द परंपरेचे असले तरी कुणी रेकॉर्ड केलेला त्या बाईचा आवाज मोकळा नसतो. तो लूपमध्ये घ्यायचा तर परवानगी घ्या.

तानपुरा ॲपमधून घेऊन रचनेत ठेवलात तर आणखी एक घोळ. तोच आवाज हजारोंच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, आणि यूट्यूबची कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओंत तुमचा आवाज शोधणारी) यंत्रणा फक्त तुमच्या एकट्याच्या मालकीच्या आवाजासाठी आहे. नोंदवलंत तर दुसऱ्यांच्या व्हिडिओंवर दावे लागतात किंवा तुमच्यावर. घरात मिरजेचा तंबोरा असेल तर त्याचंच मिनिटभर रेकॉर्ड करा, नाहीतर गळ्यातूनच तानपुरा बनवा. ते इथे जास्त शोभतंही.

पैशांचं खरं चित्र असं: २०२४ पासून स्पॉटिफाय बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ट्रॅकला रॉयल्टी देत नाही. पहिल्या वर्षी स्ट्रीमिंगची कमाई शून्य धरा. वितरक करासाठी डब्ल्यू-८बेन हा अमेरिकी फॉर्म भरायला सांगतो. कंटाळा करू नका. न भरल्यास अमेरिकेतल्या उत्पन्नावर ३० टक्के कापले जातात, भारत-अमेरिका करारानुसार ते १५ वर येतात.

अशा संगीताला खरेदीदार मिळतात ते मुख्यतः बँडकँप या थेट विक्रीच्या साइटवर. तिथे डिजिटल विक्रीचे १५ टक्के त्यांचे. पैसे पेपालवर येतात, त्यासाठी पॅन आणि बँक खातं जोडलेलं हवं. अडचण आपल्याच लोकांची आहे: पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात होणारे व्यवहार बंद केले, त्यामुळे बर्लिनचा श्रोता तुमचा अल्बम सहज घेतो आणि नाशिकचा अडकतो. बँडकँप कलाकाराला मोफत डाउनलोड कोड काढू देतं. पानावर एक ईमेल द्या, यूपीआयने पैसे घ्या आणि कोड पाठवा. दिलेला कोड कुणाला गेला याची वही ठेवा, कारण एक कोड एकदाच चालतो आणि 'मला मिळालाच नाही' असा मेल येतोच.